ऑक्सिजन चालू, तरी आकडा ८५च का?

पेण किंवा रोह्याच्या सरकारी दवाखान्यातून कुष्ठरोगाच्या गोळ्यांचं पाकीट मोफत मिळतं. त्यात डॅप्सोन असतं. मोठ्या माणसाला रोज १०० मिलिग्रॅम. बहुतेकांना ते सोसतं. काहींच्या रक्तात मात्र ते हिमोग्लोबिनमधल्या लोहाचं रूप बदलतं. असं झालेलं मेथहिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहत नाही, आणि उरलेलं हिमोग्लोबिन धरलेला ऑक्सिजन सहजी सोडत नाही.

आता समजा, असाच कुणी हर्नियाच्या ऑपरेशनसाठी टेबलावर आहे. भूल दिलीय, ऑक्सिजन चालू आहे, तरी बोटाच्या चिमट्याचा आकडा ८५च्या आसपास अडकतो. चिमटा लाल आणि अवरक्त असे दोन प्रकाश मोजतो. मेथहिमोग्लोबिन दोन्ही जवळपास सारखेच शोषतं. ते खूप वाढलं की चिमट्याचा हिशेबच चुकतो. रक्तही चॉकलेटी दिसतं. यावर उतारा आहे: शिरेतून मिथिलीन ब्लू. पण जी-६-पीडी हे एन्झाइम कमी असेल, तर तोच उतारा तांबड्या पेशी फोडू शकतो.

म्हणून भूलतज्ज्ञांना हे आधी कळायला हवं. कुष्ठरोगाचं नाव काढायला लोक लाजतात, गोळ्या लपवतात. तुम्ही लपवू नका. पाकीटच नेऊन दाखवा. आणि गोळ्या आपल्या मनाने बंदही करू नका.