किरणोपचारजन्य त्वचादाह आणि प्रकाशाची मात्रा

कर्करोगावरील किरणोपचारात किरणांना अर्बुदापर्यंत पोहोचण्यासाठी निरोगी त्वचा ओलांडावी लागते. त्वचेच्या तळच्या थरातील पेशी सतत विभागत असल्यामुळे त्यांना लवकर इजा होते. प्रथम लाली, नंतर कोरडा कोंडा आणि तीव्र अवस्थेत साल निघून ओली राहणारी जखम, असा या दाहाचा क्रम असतो. शेवटच्या अवस्थेत जंतुसंसर्गाचे भय असते व प्रसंगी उपचारच थांबवावा लागतो. उपचारात खंड पडल्यास अर्बुदास पुन्हा वाढण्याचा अवसर मिळतो. म्हणून हा प्रश्न केवळ रुग्णाच्या सोईचा नव्हे.

या दाहावर प्रकाशाचाच उपाय योजण्याच्या कल्पनेचे मूळ बुडापेस्ट येथील एन्द्रे मेश्टर यांच्या प्रयोगांत आहे. लेसरमुळे कर्करोग उद्भवतो काय, हे पाहण्यासाठी त्यांनी १९६७ च्या सुमारास उंदरांच्या भादरलेल्या कातडीवर माणिक-लेसरचा मंद प्रकाश सोडला. कर्करोग झाला नाही. उलट केस अधिक लवकर उगवले.

याची मान्यताप्राप्त मीमांसा अशी : तांबडा व निकट-अवरक्त प्रकाश पेशीतील सायटोक्रोम-सी ऑक्सिडेज हे विकर शोषून घेते, त्यामुळे ऊर्जानिर्मिती वाढते व दाहकारक द्रव्यांचे प्रमाण घटते. तथापि हा परिणाम मात्रेच्या अधीन आहे. अल्प मात्रा पोषक, तर अतिमात्रा प्रतिबंधक ठरते.

बेल्जियममधील एका चाचणीचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. तीत स्तनाच्या कर्करोगाच्या १२० रुग्णांपैकी निम्म्यांना आठवड्यातून दोनदा दर चौरस सेंटीमीटरला ४ जूल इतका प्रकाश दिला गेला व उरलेल्यांना लटका उपचार. किरणोपचाराच्या अखेरीस ओली जखम दुसऱ्या गटात ३० टक्के, तर पहिल्या गटात सुमारे ७ टक्के रुग्णांना आढळली. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांतील त्वचादाहाच्या प्रतिबंधासाठी या उपायाची शिफारस केली.

हा निष्कर्ष सर्वत्र लावणे मात्र योग्य नव्हे. उपरोक्त रुग्णांतील अर्बुद शस्त्रक्रियेने आधीच काढलेले होते. जेथे ते शिल्लक आहे, तेथे निरोगी पेशींना उत्तेजित करणारा प्रकाश रोगट पेशींनाही उत्तेजित करील काय, हा प्रश्न स्वतंत्रपणे तपासावा लागतो. यास्तव तरंगलांबी, ऊर्जा आणि वेळ यांची नोंद न करता दिलेला प्रकाश हा उपचार म्हणविण्यास पात्र ठरत नाही.