रोजकीर्द आणि जर्नल

आम्हा वाणिज्यवाल्यांना जर्नल म्हणजे रोजकीर्द. तत्त्वज्ञानाचेही जर्नल असते हे मला गेल्या वर्षी कळले, तेही लेख साभार परत आल्यावर!

विषय होता बाराव्या शतकातील बसवण्णांचा कायक आणि तेराव्या शतकातील सावता माळ्यांची मळ्यातली भक्ती. घरी मराठी, गल्लीत कन्नड. दोन्हीकडचे मुळातून वाचता येते, ही माझी ऐट. संपादकांनी कळविले की ही नुसती दोन खाती झाली, ताळा कुठेच नाही. खरेच होते. कायकाच्या जोडीला दासोह येतो, म्हणजे कमाई समाजाला अर्पण करणे. सावतोबांकडे त्याच्या जागी काय आहे, हे मी विचारलेच नव्हते. साम्यांची यादी म्हणजे तुलना नव्हे.

हवाई विद्यापीठातून १९५१ पासून निघणाऱ्या 'फिलॉसफी ईस्ट अँड वेस्ट'सारख्या नियतकालिकांत लेख तज्ज्ञांकडे तपासणीस जातो. लेखक कोण हे त्यांना कळू द्यायचे नसते. म्हणून आपले नाव, सरांचे आभार, सारे लेखातून काढावे. एकच लेख एका वेळी दोन ठिकाणी धाडू नये. भाषांतर कोणाचे ते सांगावे. निकालाला महिने लागतात. पैसे घेऊन आठ दिवसांत छापून देणाऱ्यांच्या वाटेस जाऊ नये.

जमखंडीत जन्मलेल्या गुरुदेव रानडे यांनी मराठी आणि कन्नड, दोन्हीकडच्या संतांवर ग्रंथ लिहिले, तेही इंग्रजीत. त्यांतला मराठी संतांवरचा, १९३३ चा, सध्या माझ्या टेबलावर आहे. तिसरा खर्डा दासोहापाशी अडला आहे. कन्नड विभागातले कोणी तासभर बसेल काय?