हिवाळ्यातली एक दिवसाची सहल कशी आखावी? नाकाडोंगरी ते रामटेक-मनसर



डिसेंबर लागला की वर्गात एकच विषय असतो. "सर, यंदा सहल कुठं?" फळ्यावर मुलांकडून ठिकाणं लिहून घ्यायला सांगितलं तर पाच मिनिटांत फळा भरतो. रामटेक, नगरधन, खिंडसी, मनसर, पेंच, नागपूरचं रमण विज्ञान केंद्र, अजब बंगला, दीक्षाभूमी. आणि मग आपण मोठी माणसंच चूक करतो. एवढे पैसे घेतोच आहोत तर सगळं दाखवून आणू, असं म्हणतो.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मीही अशी एक सहल काढली होती. एका दिवसात सहा ठिकाणं. परतायला रात्रीचे दहा वाजले. पालक थंडीत फाट्यावर टॉर्च घेऊन उभे होते. दुसऱ्या दिवशी मुलांना सहलीवर दहा ओळी लिहायला दिल्या. बहुतेकांच्या वहीत बस, समोसा, बसमधली गाणी आणि कोणाला उलटी झाली एवढंच होतं. एक मुलगा तर सरळ म्हणाला, "आपुन तं बसच पाह्यली सर." तो खरं बोलत होता. तेव्हापासून मी सहल आखताना ठिकाणांच्या यादीपासून सुरुवात करत नाही, घड्याळापासून करतो. तीच पद्धत इथे देत आहे. घरच्या सहलीलाही ती चालते.

१) आधी उजेड मोजा

डिसेंबरच्या शेवटी आपल्या भागात सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो आणि साडेपाच ते पावणेसहाच्या दरम्यान मावळतो. म्हणजे दिवस पावणेअकरा तासांच्या आसपास असतो. मे महिन्यात हाच दिवस तेरा तासांहून मोठा असतो. पृथ्वीचा आस कललेला असल्यामुळे हिवाळ्यात उत्तर गोलार्धावर ऊन कमी वेळ पडतं, हे आपण भूगोलात शिकवतोच. जितकं उत्तरेला जावं तितका हिवाळ्यातला दिवस आखूड होतो. इटलीतलं नेपल्स शहर आपल्यापेक्षा बरंच उत्तरेला आहे, तिथे डिसेंबरात दिवस जेमतेम सव्वानऊ तासांचा असतो. तिकडे फिरायला जाणाऱ्यालाही हाच हिशेब आधी करावा लागतो.

लहान मुलांच्या सहलीचा माझा नियम असा: सकाळी ७ वाजता निघायचं आणि संध्याकाळी ५.३० ला शाळेच्या फाटकात परत. म्हणजे हातात साडेदहा तास, ६३० मिनिटं. आता वजाबाकी मुलांकडूनच करून घ्या.

• नाकाडोंगरीहून तुमसरमार्गे रामटेक, बसने सव्वादोन तास धरा. जाणं-येणं मिळून २७० मिनिटं.
• जेवण ४५ मिनिटं.
• नाश्ता, पाणी, लघवी, हजेरी मिळून ४५ मिनिटं.
• रामटेकहून मनसरला जाणं, चढउतारासह ३० मिनिटं.

बेरीज ३९० मिनिटं. ६३० मधून ३९० गेले, उरले २४०. म्हणजे साडेदहा तासांच्या सहलीत प्रत्यक्ष पाहायला फक्त चार तास! हे उत्तर वर्गात निघालं तेव्हा मुलं गप्प झाली. फळ्यावरची आठ ठिकाणं त्यांनी स्वतःच खोडायला घेतली. पाचवीच्या मुलांसाठी याहून चांगलं शाब्दिक उदाहरण मला पुस्तकात सापडलेलं नाही.

२) चार तासांत दोनच ठिकाणं, पण एका धाग्यातली

दोन ठिकाणं निवडताना ती एकमेकांशी आणि आपल्या गावाशी जोडलेली असावीत. मी रामटेक आणि मनसर निवडतो.

रामटेक आपल्या मुलांना देवाचं ठिकाण म्हणून माहीत असतं. पण साधारण सोळाशे वर्षांपूर्वी हा परिसर वाकाटक राजघराण्याच्या सत्तेचं केंद्र होता. त्यांची राजधानी नंदिवर्धन म्हणजे रामटेकजवळचं आजचं नगरधन. गुप्त सम्राट दुसरा चंद्रगुप्त याची मुलगी प्रभावतीगुप्ता वाकाटकांची सून होऊन इकडे आली. तिचा नवरा दुसरा रुद्रसेन लवकर वारला आणि मुलं लहान होती. तेव्हा तिनेच राज्यकारभार पाहिला. तिचे ताम्रपट सापडले आहेत. त्यातला एक नंदिवर्धनहून दिलेला आहे, तर दुसऱ्यात रामगिरीच्या स्वामींचा उल्लेख आहे. वर्गातल्या मुलींना हे आवर्जून सांगा. आपल्या शेजारच्या जिल्ह्यात एका बाईने राज्य चालवलं होतं, हे ऐकून त्यांचे डोळे चमकतात.

गडावर रामाच्या मंदिराकडे जाताना केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह ही वाकाटककालीन मंदिरं लागतात. दगडाचा भला मोठा वराहही आहे. वरच्या मंदिराचं आजचं रूप बरंचसं नागपूरकर भोसल्यांच्या काळातलं आहे. म्हणजे एकाच टेकडीवर दोन काळ शेजारी उभे आहेत. मुलांना एकच काम द्या: "जुनं कोणतं, त्यानंतरचं कोणतं, आणि तुला कशावरून वाटलं?" कालिदासाच्या 'मेघदूत' काव्यातला रामगिरी म्हणजे हेच रामटेक, असं वा. वि. मिराशींसारख्या अभ्यासकांनी मांडलं. म्हणून गडावर कालिदासाचं स्मारक आहे आणि १९९७ मध्ये स्थापन झालेल्या संस्कृत विद्यापीठालाही त्याचंच नाव आहे.

मनसर रामटेकपासून पाचेक किलोमीटरवर आहे. तिथल्या उत्खननात विटांच्या बांधकामाचे मोठे अवशेष उघडे झाले. दुसऱ्या प्रवरसेनाचं प्रवरपूर ते हेच, असं अनेक अभ्यासक मानतात. हा प्रवरसेन प्रभावतीगुप्तेचाच मुलगा. म्हणजे सकाळी आईची गोष्ट आणि दुपारी मुलाची. गोष्ट सलग राहते, म्हणून मुलांच्या लक्षात राहते.

आता गावाशी नातं. आपल्या शेजारच्या डोंगरी बुजुर्गची मँगनीजची उघडी खाण मुलांनी लहानपणापासून पाहिलेली असते. कित्येकांचे वडील, काका तिथे किंवा चिखल्याच्या खाणीत कामाला असतात. ही खाण चालवणाऱ्या मॉयल कंपनीची एक खाण मनसरलाही आहे. आपल्याकडचा काळा दगड तिकडच्याही जमिनीत आहे. डोंगरीचं मँगनीज डायऑक्साइड टॉर्चच्या कोरड्या सेलसाठी वापरलं जातं. सहलीच्या आदल्या आठवड्यात हे वर्गात सांगितलं तर मुलं मनसरला उतरताच पायाखालची माती बघायला लागतात. (सेल फोडून दाखवू नका, चित्रावर भागवा.)

३) वेळापत्रक

• ६.३० शाळेत जमणे, हजेरी
• ७.०० प्रस्थान
• ९.१५ रामटेक, नाश्ता, हजेरी
• ९.४५ ते १२.१५ गडमंदिर परिसर
• १२.१५ ते १.०० जेवण
• १.०० ते १.३० मनसरकडे
• १.३० ते ३.०० मनसरचे अवशेष
• ३.०० ते ३.१५ पाणी, हजेरी
• ३.१५ परतीचा प्रवास
• ५.३० शाळा

गड सकाळी ठेवला, कारण चढण थंडीत सोपी जाते आणि मुलं ताजी असतात. कुठे उशीर झालाच, तर मनसरची वेळ कमी करा. परतीची ३.१५ ची वेळ मात्र हलवू नका. उशीर भरून काढण्यासाठी ड्रायव्हरला गाडी दामटायला लावणं हा सगळ्यात वाईट मार्ग.

४) तयारीतल्या बारीक गोष्टी

• एसटी महामंडळ शालेय सहलींसाठी प्रासंगिक करारावर बस देतं आणि भाड्यात ५० टक्के सवलत असते. आगारात लवकर अर्ज करा, डिसेंबर-जानेवारीत मागणी खूप असते.
• वरिष्ठ कार्यालयाची परवानगी आणि प्रत्येक पालकाचं संमतीपत्र आधी हातात हवं. मुली असतील तर शिक्षिका सोबत हवीच.
• गडावर वानरं फार आहेत. हातात खाऊची पिशवी दिसली की ओढतातच. डबे बसमध्ये ठेवा, जेवण खाली उतरून करा.
• ज्यांना गाडी लागते त्यांना पुढच्या सीटवर बसवा. सकाळी भरपेट खाऊ घालू नका, हे पालकांनाही सांगा.
• सकाळी स्वेटर-कानटोपी, दुपारी ऊन. काढलेलं स्वेटर कमरेला बांधायला सांगा, नाहीतर परतताना बसमध्ये चार बेवारस स्वेटर उरतात.
• पाच-पाच मुलांचे गट करा, प्रत्येकाला एक गटप्रमुख. बसमध्ये चढताना प्रत्येक वेळी मोजणी.
• तलाव, धरण किंवा नदीत उतरणं नाही. खिंडसी जवळ आहे म्हणून "पाचच मिनिटं जाऊ" असा आग्रह होतो. नाही म्हणा.

५) जो येत नाही त्याचं काय?

सहलीच्या नियोजनात हा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो, खरं तर तो पहिला यायला हवा.

बसचं भाडं ठरलेलं असतं. समजा ते ८००० रुपये आहे. ४० मुलं आली तर प्रत्येकी २०० रुपये, आणि ८ गळली तर उरलेल्या ३२ जणांवर २५० रुपये. वाटा वाढला की आणखी दोघं गळतात. म्हणून कोण येऊ शकत नाही हे लवकर कळलं पाहिजे. पण मुलं ते सांगत नाहीत. एका वर्षी माझ्या वर्गातली एक हुशार मुलगी सहलीच्या आदल्या दिवशी म्हणाली, "सर, माझं पोट दुखते, मी येत नाही." मी विश्वास ठेवला. नंतर तिच्या मैत्रिणीकडून कळलं की घरी धानाचे चुकारे आले नव्हते. पैसे कोणी आणले नाहीत त्यांची नावं मीच दोन दिवस वर्गात मोठ्याने वाचत होतो. तिचं नाव त्यात होतं.

ती चूक माझी. आता मी तीन गोष्टी करतो. पैशाची नावं वर्गात कधीच वाचत नाही, पाकीट थेट पालकांकडून घेतो. ज्यांना जमेल त्यांच्याकडून ऑगस्टपासून आठवड्याला दहा-दहा रुपये जमा करतो, म्हणजे डिसेंबरात एकदम भार पडत नाही. आणि सहलीची तारीख ठरवण्याआधी पालकसभेत विचारतो, धान कापणी-चुरणी कधी आटोपते आणि हातात पैसा कधी येतो. तारीख जानेवारीत गेली तरी हरकत नाही. तेव्हाही थंडी असतेच आणि दिवसही थोडा मोठा झालेला असतो. उरलेली कमी-जास्त रक्कम आम्ही शिक्षक आणि गावातली दोन-चार माणसं मिळून भरतो, कोणासाठी भरली ते सांगत नाही.

६) पालकांसाठी: दुसरा दिवस हवा असेल तर

कुटुंबासह जात असाल तर एक मुक्काम वाढवा. दुसऱ्या दिवशी नागपूर. तिथेही दोनच ठिकाणं ठरवा. १८६३ साली सुरू झालेलं मध्यवर्ती संग्रहालय म्हणजेच आपला अजब बंगला (सोमवारी बंद असतो, दिवस बघून जा), आणि १९९२ मध्ये सुरू झालेलं रमण विज्ञान केंद्र. आदल्या दिवशी मोकळ्या आभाळाखाली जुन्या विटा पाहिल्या असतील, तर संग्रहालयातल्या मूर्तींपुढे मुलं आपोआप थांबतात.

सहलीहून आल्यावर निबंध लगेच लिहून घेऊ नका. दोन दिवस जाऊ द्या आणि मग फक्त विचारा, "घरी काय सांगितलं?" गेल्या वेळी एका मुलाने घरी आजीला सांगितलं होतं की रामटेकला एक राणी होती आणि तिचं पोरगं लहान होतं, म्हणून तिनेच राज्य केलं. आजी म्हणाली, "मंग, करतेच बाई." ठिकाणं दोनच पाहिली होती, पण गोष्ट घरापर्यंत पोहोचली होती.