शोधयंत्राला दिसणारा सातबारा

जमिनीचे अधिकार अभिलेख पत्रक म्हणजे गाव नमुना सात आणि पिकांची नोंदवही म्हणजे गाव नमुना बारा. या दोहोंच्या एकत्रित उताऱ्याला लोक सातबारा म्हणतात. तो कसा मिळवावा हे सांगणारे पान संकेतस्थळावर चढवले की गरजवंताला ते आपोआप सापडेल, ही समजूत खरी नाही. लिहिणाऱ्याचे शब्द आणि शोधणाऱ्याचे शब्द यांतील अंतर कमी करण्याचे एक वेगळेच काम असते, आणि त्याला सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन, थोडक्यात एसईओ, असे नाव आहे.

शोधयंत्र शोधाच्या क्षणी इंटरनेट धुंडाळत नाही. क्रॉलर नावाची आज्ञावली एका दुव्यावरून दुसऱ्या दुव्यावर जात पाने आधीच वाचून ठेवते आणि प्रत्येक शब्दापुढे तो कोणकोणत्या पानांवर आला हे नोंदवते. ग्रंथाच्या शेवटी जशी शब्दसूची असते तशीच ही सूची, आणि प्रश्न येताच चाळली जाते ती हीच. सापडलेल्या असंख्य पानांचा क्रम लावण्यासाठी लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मध्ये पेजरँक ही पद्धत मांडली, जिच्यात महत्त्वाच्या पानांनी ज्याकडे दुवा दिला ते पानही महत्त्वाचे ठरते. आज क्रम ठरवताना इतरही अनेक निकष लागतात.

हे काम करणारी व्यक्ती बहुधा गूगलच्या सर्च कन्सोलपासून सुरुवात करते, कारण लोकांनी कोणते शब्द टाकल्यावर पान यादीत दिसले, कितींनी ते उघडले आणि त्याचा सरासरी क्रम काय होता, हे तेथे कळते. पानाचे शीर्षक ‘अधिकार अभिलेख उतारा’ असते, तर लोक ‘सातबारा’, ‘सात बारा’, ‘७/१२’ असे लिहितात, आणि पुष्कळदा मराठी शब्दच रोमन लिपीत टाकतात. मग शीर्षकात सातबारा येतो, कार्यालयीन नाव पहिल्या परिच्छेदात जाते, आणि ‘येथे क्लिक करा’ या दुव्याच्या जागी ‘सातबारा उतारा पाहा’ असे लिहिले जाते, कारण दुव्याच्या शब्दांवरूनही यंत्र पुढील पानाचा विषय ओळखते. एकच शब्द पानभर पेरण्याची युक्ती जुनी आहे आणि वाचकाचा अपमान करणारीही. पानाच्या संकेतांत दडवलेली कळशब्दांची यादी क्रमासाठी विचारात घेत नसल्याचे गूगलने २००९ मध्येच जाहीर केले, तरी ती भरून देण्याचे पैसे घेणारे अजून भेटतात.

मराठीत खरी गुंतागुंत पुढेच आहे. ‘सातबाऱ्यावर नाव चढवणे’ असे लिहिताना ‘वर’ या शब्दयोगी अव्ययापूर्वी शब्दाचे सामान्यरूप होते, आणि ‘सातबारा’ व ‘सातबाऱ्यावर’ ही एकाच शब्दाची रूपे आहेत हे यंत्राला कळावे लागते. त्यातही ‘ऱ्य’ हे जोडाक्षर संगणकात दोन प्रकारे साठवता येते: ‘ऱ’ला हलन्त जोडून, किंवा साध्या ‘र’ला हलन्त आणि त्यापुढे शून्य रुंदीचे अदृश्य जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात. युनिकोडच्या प्रमाण नियमांनुसार मात्र ती एकरूप ठरत नाहीत, म्हणून शोधयंत्राने स्वतः हा भेद मिटवला नाही तर एक रूप शोधणाऱ्याला दुसरे सापडणार नाही.

युनिकोडपूर्व फॉन्टांत टंकलेल्या मजकुराची गत याहून वाईट आहे, कारण तेथे देवनागरी केवळ दिसण्यापुरती असते आणि खाली रोमन अक्षरांचे संकेत असतात, त्यामुळे यंत्राला तो मजकूर निरर्थक अक्षरांचा ढीग भासतो. अशा लेखनाला शीर्षकबदल किंवा दुवे यांचा काहीही उपयोग नाही. ज्या नियतकालिकांच्या आणि संस्थांच्या संगणकांत असे जुने अंक पडून आहेत, त्यांनी क्रमवारीच्या सल्ल्यावर खर्च करण्याआधी तो मजकूर युनिकोडमध्ये आणून नीट तपासून घ्यावा.