तीस चौरस फुटांचे न्हाणीघर

मुंबईतील बी. डी. डी. चाळींच्या १६० चौरस फुटी खोलीत ज्यांचे बालपण गेले, त्यांस मोरी म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. खोलीच्या कोपऱ्यात वीतभर कठड्याने वेगळी केलेली ती जागा भांड्यांचीही असे व स्नानाचीही, आणि पडदा ओढला की तेवढ्या वेळेपुरते तेच न्हाणीघर होई. पाण्याने आपली हद्द ओलांडू नये, हा त्या कठड्यामागील विचार आजच्या सदनिकांतून, भिंतींवर गुळगुळीत फरश्या चढल्या तरी, बहुधा हरवलेला दिसतो.

संडास व न्हाणीघर एकत्र असल्यास राष्ट्रीय बांधकाम संहितेने किमान २.८ चौरस मीटर, म्हणजे सुमारे ३० चौरस फूट क्षेत्रफळाची तरतूद केली आहे. एवढ्या जागेवर पहिला कब्जा दाराचा असतो, कारण आत उघडणारे अडीच फुटी दार जवळजवळ पाच चौरस फूट जमिनीवरून फिरते आणि तेवढ्यात दुसरे काहीच मांडता येत नाही. दार बाहेर उघडावे अथवा सरकते करावे. वृद्ध माणूस आत पडून दाराशी अडकल्यास अशाच दाराने त्याच्यापर्यंत पोहोचता येते, आणि हे कारण मला जागेच्या हिशेबाहूनही मोठे वाटते.

दाराजवळ बेसिन, मग कमोड व अखेरीस खिडकीपाशी स्नानाची जागा, असा क्रम ठेवला म्हणजे ओली जमीन तुडवावी लागत नाही. स्नानाची जमीन इंचभर खाली घ्यावी. भिंतीवर टांगलेल्या कमोडखालून झाडू फिरतो, आणि त्याची टाकी दडविणाऱ्या बुटक्या भिंतीचा माथा साबण-तेलाची फळी होतो.

परंतु छापील नमुन्यांत जिची तजवीज कधीच नसते, ती आपली बादली. तिच्यासाठी तोटी दीड फूट उंचीवर हवी, शेजारी पाटाला जागा हवी, कपडे आपटण्यास हात फिरावा एवढी मोकळीक हवी. हे ठरल्यावरच काचेचा आडोसा कोठे उभारावा ते ठरते.

कोबा झाल्यावर, फरशी बसण्यापूर्वी, गवंड्यास समोर उभे करून बादलीभर पाणी ओतावे. ते कोठेही न थबकता जाळीकडे गेले, तरच पुढच्या कामास संमती द्यावी.