चेरी नावाचं करवंद

केकच्या माथ्यावरची लालभडक चेरी पुढच्या वेळी दाताखाली आली, की क्षणभर थांबा. आपल्याकडच्या बेकऱ्यांमध्ये ती पुष्कळदा चेरी नसतेच, करवंद असतं! कच्ची करवंदं घ्यायची, बिया काढायच्या, त्यांचा रंग उडवायचा, मग लाल रंग देऊन साखरेच्या पाकात मुरवायची. आपण जिला डोंगरची काळी मैना म्हणतो, तीच ही.

या दोघांचं जवळचं नातंही नाही. करवंद कण्हेरीच्या कुळातलं, म्हणून त्याला चीक. चेरी गुलाबाच्या कुळातली; बदाम, जर्दाळू, पीच ही तिची सख्खी भावंडं.

खऱ्या चेरीचं झाड थंडी मोजतं. पानं गळली की कळ्या निजतात, आणि साधारण सात अंशांखालची थंडी शेकडो तास, कित्येक जातींना हजाराच्या आसपास, सोसल्याशिवाय उठत नाहीत. मधेच चार दिवस ऊन तापलं म्हणून फसत नाहीत. फसल्या तर मागून येणाऱ्या हिमात फुलं करपतील. एवढी थंडी कोकणात कुठून येणार? काश्मीर-हिमाचलात ती आहे. काश्मिरात या फळाला गिलास म्हणतात. आंब्यासारखी चेरीची अढी लावता येत नाही. तोडली की पिकणं थांबलं; झाडावर आली तेवढीच गोडी. म्हणून ती पिकेपर्यंत वाट पाहायची, आणि नेमका तेव्हाच पाऊस आला तर फळ पाणी पिऊन तडकतं. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात बागायतदार पाऊस थांबताच बागेवरून हेलिकॉप्टर फिरवतात, फळांवरचं पाणी उडवून लावायला!

तिच्या नावाचा प्रवास तर मला फळाहून गोड वाटतो. काळ्या समुद्राच्या काठी, आजच्या तुर्कस्तानात, गिरेसुन नावाचं शहर आहे. त्याचं जुनं ग्रीक नाव केरासूस, आणि चेरीचं ग्रीक नाव केरासोस. रोमन लेखक प्लिनी लिहितो, की मिथ्रिडेटिस राजाला हरवून लुकुलस या सेनापतीनं हे झाड रोमला आणलं. रानचेरीच्या बिया मात्र युरोपातल्या त्याहून कितीतरी जुन्या वस्त्यांमध्ये सापडल्या आहेत. तेव्हा त्यानं आणली असेल ती बागेतली एखादी सरस जात. केरासोसपासून तुर्कीत किराझ झालं, अरबीत करझ, जर्मनमध्ये किर्शे. फ्रान्समधल्या नॉर्मन लोकांनी ‘शेरीज’ इंग्लंडात नेलं. तिथल्या कानांना शेवटचा ‘ज’ अनेकवचनाचा वाटला. मग एका फळाला काय म्हणायचं? ‘ज’ गाळला, उरली चेरी. वाटाण्याच्या ‘पीज’चं ‘पी’ही असंच झालं. ऐकण्यातल्या चुकीतून जन्मलेला तो शब्द पुढे आपल्याकडे आला आणि करवंदावर जाऊन बसला.

आणि खरी चेरी? तीही आपल्या ओळखीची आहे, फक्त त्या नावानं नव्हे. काष्ठौषधींच्या दुकानात पद्मकाष्ठ मागितलं की मिळतं ते हिमालयातल्या एका रानचेरीचं लाकूड. आयुर्वेदातलं पद्मक ते हेच. बाकीच्या बहुतेक चेऱ्या वसंताची वाट पाहतात. ही मात्र हिवाळ्याच्या तोंडावर, नोव्हेंबरात फुलते, आणि तेव्हा शिलाँगचे रस्ते गुलाबी होतात.