एल्फिन्स्टन घराण्याची लॉर्डकी

स्कॉटलंडचा राजा चौथा जेम्स याने १५१० साली अलेक्झांडर एल्फिन्स्टन यास बहाल केलेली ही वंशपरंपरागत लॉर्डकी पहिल्या दोन्ही धन्यांस मानवली नाही. एक १५१३ साली फ्लॉडनच्या, तर दुसरा १५४७ साली पिंकीच्या रणात पडला. पुण्याचे रेसिडेंट माउंटस्टुअर्ट हे अकराव्या लॉर्डांचे चौथे चिरंजीव, सबब किताब त्यांच्या वाट्यास आलाच नाही. मुंबईतील कॉलेज त्यांच्या नावाचे, परंतु २०१८ साली प्रभादेवी झालेले स्टेशन त्यांचे पुतणे व १८५३ ते १८६० या काळातील गव्हर्नर, तेरावे लॉर्ड जॉन, यांच्या नावाचे, आणि लोक मात्र दोन्ही एकाच्याच खाती जमा करतात. जॉन अविवाहित वारल्यामुळे, आणि या किताबांना दत्तक चालत नसल्यामुळे, १८५९ सालची त्यांची नवी ब्रिटिश बॅरनी पुढच्याच वर्षी जणू खालसा झाली. जुनी स्कॉटिश लॉर्डकी तेवढी चुलतभावाकडे गेली.